हळदीतलं नाव

"मैना कोनाची पोर?" आईनं माइकलाच विचारलं.

काचेपलीकडे बसलेल्या वेलणकरांना वाटलं, बाई शब्द विसरल्या. त्यांनी बटण दाबलं आणि आमच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला. "ठमाबाई, काही अडचण आहे का?"

"मैना कोनाची पोर ते सांगा. बापूस कोन? गाव कंचा?"

"अहो, कोणाची नाही. असंच एक नाव आहे. गोड आहे, तोंडात चटकन बसतं."

"कोनाची नाय, मंग तिला हलद कशी लावू?"

बँजोवाला फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घालून तारा पिळायला घेतल्या. तेव्हा मी विशीतली होते आणि राग माझ्या नाकावरच बसलेला असायचा. आता साठी ओलांडली. जागा बदललेली नाही त्यानं.

हा कॅसेटचा जमाना होता. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं साल असेल. घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते आणि मुंबईतल्या कॅसेट कंपन्या गावोगाव गाणी हुंगत फिरत होत्या. भारूड घे, कोळीगीत घे, लग्नाची गाणी घे, चार वाद्यं जोड आणि वीक. अशाच एका कंपनीचे लखानी शेठ उरणजवळच्या आमच्या गावात कुणाच्या तरी लग्नाला आले आणि त्यांनी आईला ऐकलं. माझी आई धवलारीण. आम्हा आगरी लोकांत लग्न भटजीनं लावलं तरी त्याआधीचं सगळं धवलारणीच्या गळ्यावर चालतं. तिनं गाऊन देव बोलवायचे, गाऊन हळद लावायची, गाऊन पोर सासरी धाडायची. बाकी गाणी तिच्या सासूकडून आलेली, पण हळदीचं एक गाणं आईनं स्वतः बांधलेलं होतं.

पिवली झाली गो खाडी, अमकीबायची हलद सांडली.

'अमकी'च्या जागी ज्या पोरीची हळद तिचं नाव. गावातल्या प्रत्येक पोरीच्या अंगाला हळद लागताना ही ओळ तिच्या नावानं म्हटली गेली होती. शेठ म्हणाले, हेच गाणं पाहिजे. म्हणून आई, जनीमावशी आणि मी मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि दादरच्या त्या स्टुडिओत जाऊन उभ्या राहिलो. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आत नुसती थंडी. आईनं चपला बाहेर काढल्या आणि आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

आणि आता गाडी वेलणकरांनी 'अमकी'च्या जागी घातलेल्या मैनावर अडली होती.

वेलणकर दार उघडून आत आले. संगीतकार माणूस, स्वच्छ झब्बा, बोलणं मऊ. "हे बघा ठमाबाई, हे लग्न नाही. हे रेकॉर्डिंग आहे. ऐकणाऱ्याला कुठे ठाऊक असणार, मैना खरी की खोटी?"

"मना ठावं हाय ना."

"काल्पनिक समजा."

"हलद काल्पनिक नसते, दादा. एकदा नाव घेऊन म्हटली का लागली. मी मोकली म्हनत नाय."

"असं करू," वेलणकरांची नजर माझ्याकडे वळली. "ही तुमचीच मुलगी ना? हिचं लग्न झालेलं नाही. मग हिचंच नाव घाला. काय नाव तुझं?"

"कुसुम. घरी कुशी म्हणतात."

"वा! कुशीबायची हळद. मीटरमध्ये चपखल बसतंय. झालं काम."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"हिची नाय," ती म्हणाली. "हिचे आधीची बाकी हाय."

जनीमावशीनं माझा हात घट्ट धरला. वेलणकरांना काहीच कळलं नाही, पण आम्हा दोघींना कळलं. घरात चार वर्षं न उच्चारलेली गोष्ट आईनं या गादीच्या खोलीत, परक्या माणसांपुढे बोलून टाकली होती.

माझी मोठी बहीण मथुरा. पोलादपूरकडचा एक मुलगा उरणला बंदराच्या कामावर होता. आमच्या जातीचा नव्हता. ती त्याच्याबरोबर गेली, पनवेलला रजिस्टर लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं पाया पडायला आली. बाबांनी दार लावून घेतलं. बाबा मिठागरावर मुकादम, भजनी मंडळाचे बुवा, गावात शब्दाला वजन. त्यांनी दाराआडून एवढंच सांगितलं की या नावाची पोर आमच्या घरान नाय. त्या दिवसापासून मथी हे नाव घरात बंद झालं. तिच्या साड्या वाटल्या गेल्या. शाळेच्या बक्षिसातल्या पेल्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, तो पेलाही गेला. गावातल्या झाडून सगळ्या पोरींची हळद म्हणणाऱ्या बाईला स्वतःच्या थोरल्या पोरीची हळद म्हणता आली नव्हती.

"लावा मशीन," आई म्हणाली.

लाल दिवा लागला. ढोलकी सुरू झाली. आईनं डावा हात कानावर ठेवला आणि उचललं.

पिवली झाली गो खाडी, मथीबायची हलद सांडली.

मागची ओळ मी आणि मावशीनं झेलायची होती. मावशीचा आवाज फुटेना. मी मात्र राग आला की गाते तशी गायले, सगळा दम लावून. माझ्या बहिणीचं नाव मी चार वर्षांनी मोठ्यानं घेत होते आणि ते कुणी थांबवू शकत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा वेलणकर काचेपलीकडे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बँजोवाल्यानं येऊन आईच्या पायांना हात लावला. मघाचं हसू मी त्याला तिथंच माफ केलं.

लाँचवर परतताना आई कठड्याला टेकून बसली होती. मी विचारलं, "आये, बाबांना कललं तर?"

"कलंल तवा कलंल. कॅसेट काय एका घरान वाजत नाय. ती जाते. पोलादपूरला जाईल, म्हाडला जाईल. मथी जिथं असंल तिथं वाजंल. तिचे कानावर जाईल का आयेनं आपली हलद म्हटली." तिनं पदर तोंडावर घेतला. "त्याला दार लावता येत नाय कोनाला."

मला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

कॅसेट दिवाळीनंतर आली. गावातल्या पहिल्याच लग्नात तिचं वाजणं ठरलेलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, कौलावर कर्णा बांधलेला. ढोलकी वाजली, बँजो वाजला, मग आईचा आवाज आला आणि बायका नाचायला उठल्या. मी त्या ओळीची वाट पाहत होते.

पिवली झाली गो खाडी, कुशीबायची हलद सांडली.

आख्खा मांडव माझ्याकडे वळला. पोरी किंचाळल्या, कुणी मला ओढून मध्ये नेलं, कुणी डोक्यावर तांदूळ फेकले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ओळ पुन्हा आली, आणि पुन्हा, आणि दर खेपेला कुशी. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बाबा उभे होते. चेहऱ्यावर समाधान. लोक त्यांना येऊन सांगत होते की बुवा, पोरीचं नाव काढलंत.

कॅसेटच्या कव्हरवर एका अनोळखी नटीचा नथ घातलेला फोटो होता. मागे बारीक अक्षरांत आईचं नाव 'आणि साथीदार' असं होतं. गीत या शब्दापुढे छापलेलं होतं, पारंपरिक. म्हणजे कोणी केलेलं नाही. म्हणजे माझी धडधाकट आई, जी त्याच वेळी मांडवाच्या कोपऱ्यात बसून पान लावत होती, ती कधी जन्मालाच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता एकटी दादरला गेले. कंपनीनं नाव बदललं, दुसऱ्या कुणा बाईकडून आईच्या आवाजाची नक्कल करून घेतली, अशी माझी पक्की खात्री होती. वेलणकर हार्मोनियमवर काहीतरी बसवत होते. मी त्यांना नमस्कारही केला नाही.

"कोणाला विचारून नाव बदललंत?"

"अगं, बस तरी."

"मी बसायला नाही आले. माझ्या आईनं तुम्हाला सांगितलं होतं, नाव खोटं चालत नाही म्हणून. तुम्हाला गोड नाव पाहिजे होतं ना? मीटरमध्ये बसणारं? कोण ती नकला करणारी बाई, तिचं नाव सांगा मला."

त्यांनी हार्मोनियमचा भाता सोडला. मग म्हणाले, "कुसुम, तुला घरी कोणी सांगितलं नाही? तुझे वडील आले होते इथे. आईला घेऊन."

"खोटं."

"त्यांनी हात जोडले माझ्यापुढे. म्हणाले, त्या नावाची मुलगी आमच्या घरात नाही, ते नाव बाजारात गेलं तर आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी काय करणार? माझ्या दृष्टीनं ओळ तीच, चाल तीच; मागची ओळ झेलायला इथल्याच कोरसच्या बायका उभ्या केल्या." मग मला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाले, "तुझी आई ग्रेट आहे हो. नवीन नाव घालून उभी राहिली आणि एका टेकमध्ये ओके. एवढी सफाई भल्याभल्यांना जमत नाही."

मी त्यांना काय बोलले ते आठवत नाही. जे बोलले ते चांगलं नव्हतं. 'पारंपरिक' या शब्दाबद्दलही बोलले. त्यावर ते म्हणाले की लोकगीतावर असंच छापतात, पद्धत आहे. परतीच्या लाँचवर माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. एका टेकमध्ये ओके.

आई मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती.

"तू परत गेलेलीस मुंबईला," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. "कोन बोललं?"

"ज्याच्यापुढं गायलीस त्यानंच सांगितलं. बाबांना कोनी सांगितलं पन?"

"जनीचे तोंडान तीळ भिजत नाय. भावोजींना बोलली, त्यांनी इथं येऊन सांगितलं." तिनं पुन्हा कोळंबी हातात घेतली. "तुजा बापूस बोलला, मथीचं नाव असं गावोगाव वाजलं तर धाकटीला सोयरीक कोन देल? लोक इचारतील, ही मथी कोन? मंग सगला इतिहास निघंल. तुजेसाठी गेली मी, कुशे."

"मी मागितलंवतं?"

"आयस इचारून करते का?"

"आनि नाव माजंच कशाला? मैना म्हनायचीस. वेलणकर तर पयल्यापासून मैनालाच तयार होते."

आईनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "मैना कोनाचीच नाय. तू तरी माजी हास."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? रागाला धरायला जागाच ठेवली नव्हती तिनं. मी विहिरीवर गेले आणि भरलेली कळशी दगडावर आपटली. तिचा पोचा पुढं कधी निघाला नाही.

गाणं मात्र चाललं. असं चाललं की विचारू नका. बँडवाल्यांनी उचललं, ऑर्केस्ट्रावाल्यांनी उचललं, गणपतीच्या मिरवणुकीत ते वाजलं. पुढं कधीतरी त्याच्यावर इंग्रजी ठेके चढवून नवी आवृत्ती निघाली, त्यात तोकडे कपडे घातलेल्या पोरी माझं नाव घेत समुद्रात उड्या मारतात. परवा एका टीव्हीच्या स्पर्धेत परीक्षक डोळे पुसत म्हणाला, "हे आपल्या मातीतलं गाणं, कुणी रचलं कुणास ठाऊक!" मी रिमोट उचलला होता फेकायला. नातवानं काढून घेतला.

पण गाण्याचा पहिला वार कॅसेट आली त्याच वर्षी झाला. माझा मामेभाऊ दामू महाडला कामाला होता, त्याला मथी एसटी स्टँडवर भेटली. समोरच्या कॅसेटच्या दुकानात तेच गाणं लागलेलं. दामूनं येऊन मला एकटीला गाठून सांगितलं. "ती पुरा गाना सरेपर्यंत उभी व्हती. गाडी गेली तिची. मना बोलली, आयेचा आवाज वलखला मी. कुशीचं लगीन झालं ना? बरं झालं. आयेनं काय छान म्हटलंय."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगू? हां बोललो."

गाणं पोहोचलं होतं. आई म्हणाली होती तसंच, कुठलंही दार न अडवता थेट तिच्या कानापर्यंत. आणि त्यानं तिला सांगितलं होतं की धाकटीला हळद लागली, तुला नाही. दामूचं बोलणं मी आईला तसंच्या तसं सांगितलं. काहीही न वगळता. त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्या लग्नसराईत तिनं सगळी गाणी म्हटली, ते एक सोडून. लोकांना तिनं म्हणण्याची गरजही उरली नव्हती. कॅसेट होती.

मग माझं लग्न ठरलं. पेणचा मुलगा, शाळेत मास्तर. त्याला मथीबद्दल मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग तिला बोलवा की लग्नाला." इतकं सोपं होतं ते. ज्या सोयरिकीसाठी एवढं केलं, ती त्या नावानं मोडलीच नसती. मी बाबांना तेही सांगितलं. ते टाळ घेऊन भजनाला निघून गेले. मथीला आमंत्रण गेलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारपासून अंगण भरलेलं. मी पाटावर बसले. समोर हळदीची वाटी, बाजूला आई. धवलारणीच्या घरचीच हळद, म्हणून शेजारच्या गावांतल्या बायकाही आल्या होत्या. बाबांनी दोन कर्णे लावून घेतले होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं आणि स्पीकरवाल्याला मोठ्यानं सांगितलं, "आता आमचे घरचा गाना लाव! माझे पोरीचे नावाचा!"

ढोलकी वाजली. बँजो वाजला. बायका उठल्या. कुशीबायची हलद, कुशीबायची हलद. आई वाटीत बोट बुडवून तशीच बसली होती. तिच्या स्वतःच्या पोरीची हळद तिच्यासमोर एक मशीन म्हणत होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण आईच आधी उठली.

"बंद करा ती."

स्पीकरवाल्याला ऐकू गेलं नाही. आईनं आवाज चढवला. मिठागराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणारा आवाज होता तो, त्याला कर्णा लागत नव्हता.

"बंद करा. ती बाई मी नाय."

गाणं मध्येच तुटलं. बायका उभ्याच्या उभ्या राहिल्या. आई घरात गेली, देव्हाऱ्याजवळचा दुसरा पाट घेऊन आली आणि माझ्या उजव्या बाजूला मांडला. रिकामा. थोरलीची जागा उजवीकडे असते, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बाबा पुढं आले. "काय चाललाय हा?"

आईनं डावा हात कानावर ठेवला.

पिवली झाली गो खाडी, मथीबायची हलद सांडली.

मागची ओळ कुणी झेलेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, काही बाबांकडे. आईनं तीच ओळ पुन्हा म्हटली. तेव्हा जनीमावशीनं उचलली. रडत, बेसूर, पण उचलली. मग एकेक करत सगळ्यांनी. मथीबरोबर शाळेत गेलेल्या पोरी तिथं आता लेकरं कडेवर घेऊन बसल्या होत्या, त्या सगळ्यांत मोठ्यानं गात होत्या.

आईनं हळदीची वाटी बाबांपुढे धरली. आमच्यात पहिलं बोट बापाचं लागतं.

"आधी तिचे पाटाला लावा," आई म्हणाली.

बाबांनी वाटीत बोट बुडवलं. मला वाटलं, लावतात. त्या एका क्षणात मी त्यांना सगळं माफ करायला तयार होते, खरंच सांगते. त्यांनी रिकाम्या पाटाकडे पाहिलंही नाही. वाकले आणि बोट माझ्या गालाकडे आणलं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आधी तो पाट, बाबा."

"सोड."

"तिला लाव, मंग मना लाव."

"त्या नावाची पोर मना नाय."

"मंग कुशी पन नाय."

सगळा मांडव बघत होता. मी हात सोडला असता तर हळद लागली असती, गाणं पुन्हा सुरू झालं असतं आणि सगळं नीट पार पडलं असतं. त्यांनीच झटका देऊन हात सोडवला, बोट धोतराला पुसलं आणि मांडवातून चालत मिठागराकडे गेले. दुसऱ्या दिवशी लग्नाला आले, पाहुण्यांशी बोलले, जेवणावळ उठवली. माझ्याकडे बघितलं नाही. पुढं जगले तेवढी वर्षं ते माझ्या घरी पेणला कधी आले नाहीत.

पाटाला हळद आईनं लावली. मग मला लावली.

त्या गावात माझी गोष्ट निघाली की जुनी माणसं अजून म्हणतात, गाण्यातली कुशी ती हीच, पण पोर मोठी उर्मट, भर मांडवात बापाचा मान राखला नाही.

नाही राखला.